लाल पानाला अंधार लागतो

मी धनगराची लेक हाय, हे आधी लिवा, म्हंजे पुढचं नीट समजंल. बापाकडं ऐंशी-नव्वद मेंढरं, थोडी शेरडं, एक घोडी, आन घोडीवर मावंल तेवढा संसार. मी जलमले पूर्ण्याच्या अलीकडं कुणाच्या तरी वावरात, मेंढरं बसवली व्हती तिथं, गावाचं नाव मायला बी धड सांगता यायचं न्हाई, ती म्हणायची रेल्वेची शिट्टी ऐकू यायची बाई, तिथं तू झालीस. शाळा म्हणाल तर चार दिस, पाचव्या दिशी मुक्काम हालला. पन मेंढरामागं हिंडलेल्या मानसाला डोळा येतो बगा. कोणतं मेंढरू आज चरंना, कोणतं उद्या विणार, हे लांबून कळतं, कोणी शिकवावं लागत न्हाई. हे कामून सांगायले, तर पुढं लोकं म्हणले ना, हिला काय कळतंय झाडातलं, मेंढ्या वळणारी बाई, त्याचा राग हाय मला. लय गोष्टींचा राग हाय, तुमी ऐकत चला ताई. चहा घ्या, गार व्हायलाय.

लगीन झालं ते ताडकळसाजवळ, ह्याच गावात. घरात सासू, तिला मी आत्याबाई म्हणते, मग थोरले दीर, त्यांना भावजी म्हणते, भावजींची बायको लवकर वारली, त्यांनी दुसरी केली न्हाई, आन आमचे मालक. मालक डायवर. नाव घेत न्हाई मी त्यांचं, लग्नात उखाण्यात घेतलं तेवढं बास झालं. लेक एकच, आश्विनी, तिला मानवतला दिली. मधी दोन सालं पाऊसच पडला न्हाई, तव्हा मालक म्हणले चल, आन आमी तळेगावला गेलाव, पुण्याकडं. तिथं फुलाची पॉलीहाऊसं, प्लास्टिकच्या छपराखाली एकरच्या एकर गुलाब. मालक फुलाच्या गाडीवर, मी आत, निंदायला, कुंड्या भरायला. सात वर्सं काढली तिथं. सात वर्सं म्हंजे काय कमी न्हाईत, लेकरू जलमून शाळंत जातं तेवढ्यात.

हे झाड मी पयल्यांदा तिथं बघितलं. पॉइन्सेटिया म्हणत्यात, आमी बाया पानशेटी म्हणायचो, जिभंला सोपं. नाताळात शहरातली मानसं घरोघर ठिवत्यात, लाल लाल. तुमी म्हणाल फूल. फूल न्हाई ते! लोकं तिथंच फसत्यात. पानंच हायती ती, शेंड्याची पानं लाल व्हत्यात, आन खरं फूल मधी, पिवळं, मुगाएवढं, कोणी बघत बी न्हाई त्याच्याकडं. आन ती पानं लाल कशानं व्हत्यात? खतानं न्हाई, पाण्यानं न्हाई, औषधानं न्हाई. अंधारानं. चौदा-पंधरा तास गच्च अंधार पायजे रोज, दोन-अडीच म्हैने, लागोपाठ. दसऱ्याच्या आगंमागं आपल्याकडं एवढी मोठी रात नसती, म्हणून काळा पडदा वढायचा, संध्याकाळी पाचला वढायचा आन सकाळी आठला काढायचा. आत मुंगीएवढा उजेड घुसला न्हाई पायजे. तिथं आमच्यावर एक मॅडम व्हत्या, लय कडक. एकदा माझं डोरलं तुटून आत पडलं, मी पडद्याच्या आत मोबाइलची बॅटरी लावून हुडकायले, तर मॅडमनं दंडाला धरून भाईर काढलं. म्हणल्या, द्वारका, डोरलं सकाळी बी सापडंल, ह्या झाडाची रात तू मोडलीस तर ती मी कुठून आणू? लागलं मला ते, रडले मी. पन डोक्यात बसलं ते बसलं, रात मोडायची न्हाई.

मग आत्याबाईचं मांडीचं हाड मोडलं, तिचं करायला घरात बाईमानूस न्हाई, आमी परत आलाव. तव्हा योजनंत पॉलीहाऊस भेटायले व्हते, भावजींनी कागद केले. जमीन भावजींच्या नावावर, मग पॉलीहाऊस बी त्यांच्याच नावावर. बरं. ते म्हणले काकडी लावू. मी डोक्यावर पदर घेऊन दाराआडून म्हणलं, काकडी सगळ्या जिल्ह्यानं लावली, आपण पानशेटी लावू. भावजी हासले. म्हणले, ह्या उन्हात? हासा म्हणलं मनात. मालकांनी तळेगावहून काड्या आणल्या, मी रुजवल्या. शेंडा खुडायचा, पांढरी माशी बसली का ते पान उलटं करून बघायचं, दुपारी पंखे लावून आतलं ऊन मारायचं. त्याचा चीक हाताला लागला का खाज सुटती, ही बोटं बघा माझी, आता असलीच ऱ्हायली. पयल्या सालीच सगळा माल लाल. हैदराबादचा नर्सरीवाला आला, सलीमभाई, कुंडी हातात घेऊन फिरवून फिरवून बघितली आन म्हणला, क्या बात है बाई, परभणी में ये? दुसऱ्या साली तर दसऱ्यालाच सांगून गेला, सगळा माल मेरा.

आन पेपरात फोटू आला. कोणाचा? भावजींचा! डोक्याला फेटा, हातात कुंडी, आन खाली लिवलेलं, प्रयोगशील शेतकरी. त्या मानसानं उभ्या जन्मात एक पान उलटं करून बघितलं नव्हतं ताई. मी बी हाय म्हणा फोटूत, हात हाय माझा, मागून कुंडी देणारा, कोपरापस्तोर. आंधळं दळतं आन कुत्रं पीठ खातं, दुसरं काय. मालकाला म्हणलं हे काय वो. मालक म्हणले, गप ऱ्हा, दादा हायत. हे गप ऱ्हा दादा हायत, हे मी लग्न झाल्यापासून ऐकायले. मालक वाईट न्हाईत, दारू न्हाई, मारझोड न्हाई, पन भावापुढं त्यांची जीभ टाळ्याला चिकटती.

तिसऱ्या सालचं सांगते आता. त्या साली अधिक म्हैना आलता, म्हणून घट लय उशिरा बसले. तीन हजार कुंड्या लावलेल्या. घटाच्या पंधरा दिस आधीच मी पडदा चालू केलता, सगळं बैजवार चाललेलं. मालक गाडी घेऊन भाईर. आन घट बसायच्या आदल्या दिशी मानवतहून जावयाचा फोन, आश्विनीला परभणीला दवाखान्यात न्यायलेत, पोटात बाळाभोवतीचं पाणी कमी झालंय, तुमी या. मग माय कशी थांबंल? मी भावजींपुढं गेले. पदर सारखा केला आन सांगितलं, एकदा न्हाई, तीनदा सांगितलं, भावजी, पाचला पडदा वढायचा, आठला काढायचा, एक दिस बी चुकायचं न्हाई. ते म्हणले, मला काय कुकुलं लेकरू समजलीस का, जा तू. गेले. इथं माझी चूक झाली, ती मी झाकत न्हाई. काय करायचं ते सांगितलं, कामून करायचं ते सांगितलं न्हाई. मला वाटलं तिसरं साल हाय, मालूम असंल त्यांना. कुठून मालूम असंल! पेपरात फोटू आला म्हणून डोक्यात ज्ञान येतं व्हय?

तिकडं सिझर झालं, नातू झाला, गोरापान, पन आश्विनीला ताप चढला आन मी तिच्या खाटंपाशी बसून ऱ्हायले. रोज फोन करायचे. भावजी, पडदा वढला का. वढला. दुसऱ्या दिशी, आज वढला का. वढला म्हणलं ना, पाचला पाच मिन्टं कमी असतानाच वढला. आन खोटं न्हाई बोलले ते. हे ध्यानात घ्या तुमी. खोटं बोलले असते तर एवढा राग आला नसता मला, लबाड मानूस हाय म्हणून सोडून दिलं असतं.

सातव्या माळंला मी आले. एस्टीनं ताडकळसाला उतरले, तिथून ऑटोनं, घरी गेलेच न्हाई, नीट पॉलीहाऊसवर. दिवस नुकताच बुडालेला. भाईरून बघितलं तर पडदा चारी अंगांनी खाली, वर विटा ठिवून दाबलेला, कुठं बोटभर फट न्हाई. एवढं बरं वाटलं जिवाला, म्हणलं चला, मानूस मार्गाला लागला. आन दार उघडलं.

आत लग्नाचा मांडव! दोन फोकस, डेकोरेशनवाल्याकडून आणलेले, वरून रंगीत लाइटच्या माळा, मधल्या वाटंवर पाट, पाटावर घट, घटाला सात माळा, बाजूला अखंड दिवा, आन भावजी सोवळं नेसून हात जोडून बसलेले. पोथी पुढ्यात. मी म्हणलं, अगं माय, हे काय केलं वो. तर म्हणले, यंदा घट इथं बसवला, लक्ष्मी आपल्या घरात इथूनच आली ना, मग तिला दिवा इथंच पायजे, देवी अंधारात ठिवायची का? मी म्हणलं, आन पडदा? तर काय म्हणले सांगू तुमाला? पडदा वढलाय की पाचला! पडदा भाईरच्या उजेडासाठी हाय, हा तर आतला हाय, देवाचा.

आता काय बोलायचं ह्याला, तुमीच सांगा. भाईरून एवढा काळजीनं पडदा वढायचा, विटा ठिवायच्या, आन आत रातभर फोकस पेटवायचा, म्हंजे चोराला आत घेऊन कुलूप लावल्यावानी. सहा राती! मी म्हणलं, दिवा ठिवला तर ठिवला, फोकस कशाला? तर म्हणले, पंख्याच्या वाऱ्यानं दिवा शांत झालाच चुकून, तर अंधार पडायला नको देवीपुढं. एवढा इचार केलता त्या मानसानं. सगळा इचार केलता, फक्त झाडाचा न्हाई.

मी मेन बटन खाली वढलं. फोकस गेले, माळा गेल्या. दिव्याला मी हात लावला न्हाई. नातवाची आण घेऊन सांगते, न्हाई लावला. पन दार उघडंच व्हतं, भाईरचं वारं आलं का माझ्या पदराचं लागलं, दिवा शांत झाला. भावजी असे वरडले का शेजारच्या वावरातल्या आखाड्यावरची मानसं पळत आली. झालं! द्वारकीनं देवीचा दिवा इझवला. अशी खबर पसरायला आपल्याकडं काय लागतंय, मी घरी पोचायच्या आधी गावात पोचली. वरून आनिक, बाळंतिणीच्या खोलीतून आली, आंगूळ न्हाई, पाय धुतले न्हाईत, तशीच घटापाशी गेली, विटाळ केला. उचलली जीभ लावली टाळ्याला. गुरुजीला इचारून घट घरी हलवला, आन मला सांगितलं, तू लांब ऱ्हा.

लांब ऱ्हायले. पडदा वढत ऱ्हायले. पन मोडलेल्या रातीला शिवण घालता येत न्हाई ताई. झाडाच्या हिशोबानं माझ्या आधीच्या पंधरा राती बी गेल्या आन ह्या सहा बी गेल्या, त्याचे दोन-अडीच म्हैने सातव्या माळंपासून नव्यानं चालू. सलीमभाईची गाडी डिसेंबरच्या पयल्या हप्त्यात येणार, नाताळ काय कोणासाठी थांबत न्हाई. मी दिवाळीतच भावजींना सांगितलं, यंदा माल वक्तावर लाल व्हणार न्हाई, त्या फोकसनं घात केला. ते म्हणले, दिव्याला दोष देतीस? आधी इझवायचा आन मग दोष बी द्यायचा? आत्याबाई खाटंवर पडून ऐकत व्हती.

सलीमभाई आला. आत येऊन उभा ऱ्हायला, एक कुंडी उचलली, ठिवली, दुसरी उचलली, ठिवली. बाई, ये तो हरा है. एवढंच बोलला तो. आन खरंच सगळं हिरवंगार, मेथी पेरल्यावानी. फक्त एका कोपऱ्यात, तिथं कोकोपीटच्या, म्हंजे नारळाच्या भुशाच्या, गोण्यांची थप्पी व्हती, फोकसच्या आडोशाला, तिच्यामागं चाळीस-पन्नास कुंड्या भडक लाल. थप्पीची सावली जिथवर, तिथवर लाल, सावली सरली का हिरवं, सुतानं आखल्यावानी सरळ. मला रडू का हासू कळंना. म्हणलं, आता मला कोणी साक्षीदार नको. भावजींना बोलावलं, आत्याबाईला खुर्चीत बसवून आणलं, चार गाववाले आणले. म्हणलं, बघा आपल्या डोळ्यानं, तुमचा फोकस जिथं पोचला न्हाई तिथंच रंग आलाय. भावजींनी बघितलं. मला वाटलं आता म्हणतील, आता म्हणतील. आन म्हणले काय, तेवढ्या जागंवर आईची नजर ऱ्हायली बघा! आन ते चौघं, व्हय व्हय, म्हणून हात जोडायले. कोणाला? गोण्यांना! माझ्या तोंडात तव्हा जी शिवी आली ती लिवू नका, नातू वाचंल उद्या.

आन पुढची गंमत ऐका, संक्रांतीला सगळं लाल झालं. तीन हजार कुंड्या, आत पाऊल टाकलं का डोळे दिपत्यात, आन घेणारं कुत्रं न्हाई. नाताळ सरला का त्या झाडाला कोणी इचारत न्हाई. मी म्हणलं, जाऊ द्या, आपल्या गावातल्या बाया तरी खुश व्हतील. हळदी-कुंकू ठिवलं आन वाण म्हणून एकेकीला एकेक कुंडी दिली. तीळगूळ दिला, ओटी भरली. बाया आल्या, तोंडावर गोड बोलल्या, लय सुंदर बाई, म्हणल्या, कुंड्या घेऊन गेल्या. दुसऱ्या दिशी शेण टाकायला गेले तर उकिरड्यावर माझ्या कुंड्या. एक न्हाई, दोन न्हाई, रांगच. दिवा इझवणारीच्या हातचं झाड दारात नको म्हणून. निदान माती तरी काढून घ्यायची, कुंडी तरी वापरायची! मी त्या उकिरड्यावर उभी ऱ्हाऊन एवढ्या शिव्या दिल्या, एवढ्या दिल्या, का कुत्री बी उठून गेली. मग एकेक कुंडी उचलून परत आणली. जित्या झाडाला कोणी उकिरड्यात टाकतं व्हय?

भावजी म्हणले, बास, पुढच्या साली काकडी. द्वारकानं घर बघावं. आता बघा, माझं पोटपाणी काकडीवर बी चाललं असतं, तसं न्हाई. पन मग कायमचं तेच ऱ्हायलं असतं का न्हाई, हिनं दिवा इझवला, देवी कोपली, झाड गेलं. मी मेल्यावर बी म्हणले असते. मला एक साल पायजे व्हतं, फक्त एक, एक बी रात न मोडता. मालकाला म्हणलं, बोला की वो भावाला. मालक उठून गाडीला कपडा मारायला गेले. तव्हा आत्याबाई बोलली. तीन म्हैन्यांत पयल्यांदा बोलली त्या गोष्टीवर. म्हणली, एक साल लावू दे तिला, न्हाई जमलं तर लाव तुझी काकडी. भावजी आईपुढं काही बोलत न्हाईत. बरं म्हणले, पन घटाला हिचा हात लागता कामा नये. म्हणलं न्हाई लावत.

त्याच उन्हाळ्यात गावाच्या फाट्यावर ग्रामपंचायतीनं मोठा लाइट बसवला, उंच खांब, वर चार-पाच दिवे, रातभर नुसता लखलखाट. खांबाखाली भावजींचं सोयाबीन. पेरलं, चांगलं आलं, शेंगा धरायचे दिस आले, पिवळं पडायचे दिस आले, सगळ्या शिवारात सोयाबीन पिकून वाळलं, कापणी लागली, आन खांबाखालचा पट्टा हिरवागार. उंच वाढलेला, नुसता पाला, शेंग न्हाई. भावजींनी औषध मारलं, तालुक्याहून दुकानदार आणला, तो म्हणला बियाणं मिक्स झालं. मिक्स झालं म्हणे, नेमकं खांबाखालीच! एक दिशी दुपारी भावजी पॉलीहाऊसच्या दारात येऊन उभे. आपल्या पायानं कव्हा येत न्हाईत ते. खाली बघूनच म्हणले, द्वारका, तेवढा पट्टा कामून हिरवा ऱ्हायलाय गं?

मला सोडता आलं असतं. म्हणता आलं असतं, जावा, देवीला इचारा. पन तोंडातून निघालं न्हाई, उभं पीक जायलेलं बघवत न्हाई मला, कोणाचं बी असो. सगळं सांगितलं. म्हणलं, झाडाला दिवस कळतो तशी रात बी कळती, रात मोठी झाली का त्याला समजतं का आता पिकायचं. तुमच्या सोयाबीनला खांबाखाली रातच झाली न्हाई, त्याला वाटायलंय अजून पावसाळाच चाललाय. त्यांनी इचारलं, किती लांबपस्तोर लागतो उजेड. सांगितलं. कव्हापासून कव्हापस्तोर बंद ठिवायचा. ते बी सांगितलं. मान हालवत गेले. आन मी येडी, मी खुश! म्हणलं, आता पटलं. आज न्हाई तर उद्या तोंडानं म्हणतील.

म्हणले की! दोन ऑक्टोबरच्या ग्रामसभेत म्हणले. बाया एका अंगाला बसलेल्या, मी बी व्हते. भावजी उठले, फेटा सारखा केला, आन म्हणले, मंडळी, झाडाला जसा उजेड लागतो तसा अंधार बी लागतो. माझं एक एक वाक्य, जसंच्या तसं! रात कळती म्हणे, पावसाळाच चाललाय असं वाटतं म्हणे. शेंगा भरायच्या दिसांत फाट्याचा लाइट बंद ठिवावा, असा माझा ठराव हाय. आन लोकं काय हासले का? मी हेच बोलले तव्हा मला येड्यात काढणारे तेच लोकं, माना हालवायले. एक म्हणतो, दादाचा अभ्यास लय. दुसरा म्हणतो, प्रयोगशील मानूस हाय. ठराव टाळ्या वाजवून पास.

मग माझं डोकं फिरलं. उठले मी. लग्न झाल्यापासून पयल्यांदा पदर डोक्यावरून पडला तर पडू दिला. म्हणलं, भावजी, हे तुमाला कोणी सांगितलं? भावजी म्हणले, अनुभव. म्हणलं, बरं, अनुभव तर अनुभव. मग एवढं सांगा ह्या सगळ्यांपुढं, खांबाच्या उजेडानं तुमचं सोयाबीन पिकलं न्हाई, हे तुमीच म्हणले आता. मग दोन फोकसच्या उजेडात सहा राती ठिवलेलं माझं झाड लाल कामून झालं न्हाई? गोष्ट एकच हाय का न्हाई? एवढं लेकराला बी कळतं का न्हाई ताई? ते माझ्याकडं बघायले. त्यांना कळलं, मी डोळ्यात बघितलं, मेंढराचं कळतं तसं मानसाचं बी कळतं मला. त्यांना त्या घडीला सगळं कळलं. आन म्हणले, ते येगळं. ती देवीची गोष्ट हाय, त्यात बोलू नये. बस खाली.

बसले न्हाई मी. भाईर आले चालत. मालक मागून आले, मला वाटलं आता म्हणतील गप ऱ्हा. म्हणले न्हाई. पॉलीहाऊसपस्तोर संगं आले आन दुसऱ्या बाजूची दोरी धरून माझ्याबरोबर पडदा वढला. तेवढं त्यांचं मी मानते. पन मला पडदा वढायला मानूस नको व्हतं, तिथं सभेत उठून बोलायला पायजे व्हतं.

दुसऱ्याच दिशी घट बसले. बसले घरीच. मला हात लावू दिला न्हाई, माळ बांधू दिली न्हाई, नवमीचा सैपाक मात्र माझ्याच हातचा चालला बरं का सगळ्यांना. आत्याबाई म्हणली, द्वारका, आरतीला तरी ये. म्हणलं न्हाई, मला पाचला काम असतं. एक बी रात मोडली न्हाई यंदा. एक बी. दिवाळीत गावभर दिवे, मी पडद्याला भाईरून हात लावलावून बघायचे, कुठं फट तर न्हाई.

आन ह्या बघा कुंड्या. बघा, हात लावा, चीक लागू देऊ नका फक्त. हे शेंड्यापासून खालपस्तोर, हे त्या टोकापस्तोर, गोण्यांच्या थप्पीच्या अलीकडं बी आन पलीकडं बी. सलीमभाई पुढच्या हप्त्यात गाडी आणायलाय, म्हणला सगळा माल मेरा. काकडीचं नाव कोणी काढंना आता. आन भावजी गावात काय सांगत हिंडायलेत मालूम हाय? यंदा घट घरी बसवला, हिला लांब ठिवलं, म्हणून देवी पावली! ज्या बायांनी कुंड्या उकिरड्यावर टाकल्या त्या बी म्हणायल्यात, पावली बाई. हारले मी. लाल झालं न्हाई तरी माझ्यामुळं, आन लाल झालं तर मी लांब ऱ्हायले म्हणून.

देवीशी माझं भांडण न्हाई. तिनं कव्हा म्हणलं व्हतं फोकस लावा म्हणून? तिला बी कळत असंल, ती बी बाई हाय. भावजींचं बी वाईट व्हावं असं म्हणत न्हाई मी, त्यांचं सोयाबीन चांगलं पिको, त्यांच्या गुडघ्याला आराम पडो. तुमचं बी चांगलं व्हवो ताई, लेकरंबाळं सुखाची ऱ्हावोत, एवढ्या लांबून येऊन ऐकून घेतलं तुमी, मधी बोलले न्हाईत. पन लिवताना ते गोडगोड लिवू नका, बाई लय सोशीक हाय वगैरे. मी सोशीक न्हाई. दिवा मी इझवला न्हाई, झाड फोकसनं गेलं, आन हे भावजींना मालूम हाय. एवढं लिवा. आन आता उठा, भाईर व्हा, पाच वाजायले, मला पडदा वढायचाय.